एकशे एक टक्के प्रतिसाद

"साठ टक्के? हिलरी, साठ टक्के मी झोपेत आणीन. तू सत्तर लिहून ठेव."

आणि हिलरी प्रॉसरने खरोखरच लिहून ठेवलं. इंग्रज माणसासमोर बढाई मारू नये ती याचसाठी. आपल्याकडे कुणी असं काही बोललं की समोरचा मान डोलावतो, चहा संपवतो आणि घरी जाईपर्यंत विसरतोही. हिलरीने डायरी उघडली, चार सप्टेंबर २००६ अशी तारीख टाकली आणि खाली लिहिलं : चॅझ, सत्तर टक्के. चंद्रशेखर या नावाचं ब्रिस्टलमध्ये चार वर्षांत चॅझ झालं होतं. वऱ्हाडपांडे या आडनावाच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं.

हिलरीची कंपनी छोटी, अकरा माणसांची. दुसऱ्यांच्या नोकरांना तुम्ही सुखी आहात का, असं विचारायचं आणि उत्तरांचे रंगीत तक्ते करून मालकांना द्यायचे, हा तिचा धंदा. चंद्रशेखर तिथला आकडेवारीचा माणूस. नागपूरहून आलेला, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, विद्यापीठात दुसरा. पहिला आलेला पद्माकर नावाचा मुलगा पुढे शेअर बाजारात बुडाला, हे तो विचारल्याशिवायही सांगत असे.

या वेळचं काम मोठं होतं. शहराच्या उत्तरेला संरक्षण खात्याची एक कचेरी आहे. तिथल्या एका विभागात एकशे चाळीस माणसं सैन्यासाठी खरेदी करतात. तंबूच्या खुंटीपासून रडारपर्यंत सगळं. या माणसांना विचारायचं, की बाबांनो, तुम्ही किती वर्षं हे करता, काम कसं चालतं, कुठे अडतं, अनुभवातून काय शिकलात? प्रश्न अडतीस. कचेरीचं नाव इथे सांगत नाही. सांगायची परवानगी मिळेल कदाचित, पण ती मिळेपर्यंत ही गोष्ट शिळी होईल.

आता साठ टक्क्यांचं महत्त्व. एकशे चाळीसपैकी चौऱ्याऐंशी जणांनी सत्तावीस ऑक्टोबरपर्यंत उत्तरं दिली, तर खातं हिलरीला पुढची तीन वर्षं काम देणार होतं. खात्याने काम दिलं तर हिलरी चंद्रशेखरचं वर्क परमिट एका वर्षाने वाढवणार होती. आणि ते वाढलं तरच वऱ्हाडपांडे कुटुंब ब्रिस्टलमध्ये राहणार होतं. खरं म्हणजे चार वर्षं झाली की कायमचं राहता येतं, या हिशेबाने तो २००२च्या नोव्हेंबरात आला होता. चार पुरी व्हायला सात महिने उरले असताना सरकारने चाराची पाच केली. म्हणजे शंभर मीटरची शर्यत धावताना पंच्याण्णव मीटरवर कुणी फीतच उचलून पुढे नेली म्हणायची. तीस नोव्हेंबरला परमिट संपत होतं.

शाळेत पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडायची वेळ आली होती, तेव्हा त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीने, ईशिताने, जेवताना विचारलं होतं, "बाबा, स्कूलमध्ये जीसीएसईचे ऑप्शन्स सिलेक्ट करायची आहे. मी करू, का आपण नागपूरला जाणार?"

"बिनधास्त कर," चंद्रशेखर म्हणाला. "सत्तर टक्के येणार आहेत."

त्याच्या बायकोने, मधुमतीने, आमटी वाढली. ती नागपुरात दहावीला रसायनशास्त्र शिकवायची. इथे तिच्या पासपोर्टात चंद्रशेखरवर 'अवलंबून' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला होता. तिने तो शब्द एकदाच वाचला होता, पासपोर्ट मिटला होता आणि पुढचा आठवडाभर त्याच्या डब्यात फक्त दोडक्याची भाजी दिली होती.

चंद्रशेखरचा पहिला बेत झकास होता. वेबसाइटवर प्रश्नावली ठेवायची, सगळ्यांना ईमेल करायची, टिचकी मारा आणि मोकळे व्हा. ईमेल गेल्यावर एकही टिचकी पडली नाही, कारण त्या कचेरीतून बाहेरची वेबसाइट उघडतच नाही. संरक्षण खातं आहे ते. मग अठरा सप्टेंबरला कागदावर छापलेल्या एकशे चाळीस प्रश्नावल्या गेल्या. पहिल्या आठवड्यात चार परत आल्या. दुसऱ्या आठवड्यात पाच.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. बाहेरून आलेल्या कुठल्याही कागदाला त्या विभागात आधी नंबर मिळतो, मग त्याला एक जबाबदार अधिकारी मिळतो, आणि मग त्या कागदाची खरोखर गरज आहे का, हे बघायला चार जणांचा गट नेमला जातो. माणसं वाईट नव्हती, आयुष्यभर तेच करत आली होती. त्यांनी प्रश्नावलीही एखाद्या रणगाड्यासारखी तपासायला घेतली होती. गटाच्या दोन बैठका झाल्या होत्या. तिसऱ्या बैठकीनंतर नमुन्यादाखल सहा जणांना उत्तरं देऊ द्यायची, ती समाधानकारक वाटली तर उरलेल्यांचा विचार करायचा, असं ठरत आलं होतं. त्या नऊ प्रश्नावल्या ज्यांनी पाठवल्या ते सगळे नवीन लागलेले होते, आणि त्यांना समज दिली गेली होती. चौदावा प्रश्न होता, 'एखादी खरेदी ठरल्यापेक्षा लांबते ती कशामुळे?' त्यावर गटाने अधिकृत टिप्पणी पाठवली, की या प्रश्नाच्या उत्तराला विलंब लागेल.

दुसरा कुणी असता तर खचला असता. चंद्रशेखर वऱ्हाडपांडे खचत नाही, कारण त्याच्याजवळ नेहमी आणखी एक बेत असतो. हाच त्याचा गुण, आणि जो काही दोष आहे तोही हाच.

तो घरी आला तेव्हा मधुमती दिवाळीच्या भाजणीसाठी डाळी निवडत होती आणि समोर नंदाकाकू बसल्या होत्या. नंदाकाकू ब्रिस्टलमध्ये १९७१ साली नर्स म्हणून आल्या, आता निवृत्त आहेत. गावातल्या सगळ्या मराठी घरांत त्यांचा शब्द चालतो, आणि कुणी विचारलं नाही तरी चालतो. मधुमतीने गेल्या वर्षीचे शेजाऱ्यांचे डबे बाहेर काढले होते. ते बघून चंद्रशेखर दारातच थांबला.

"मधू, शेजारच्या मिसेस टकरला आपण गेल्या दिवाळीत फराळ दिला. डबा परत कसा आला?"

"सफरचंदाचा केक घालून. का?"

"रिकामा नाही आला ना? माणसाचा स्वभाव आहे तो. डबा दिला की माणूस रिकामा परत करत नाही. मग तो नागपूरचा असो की ब्रिस्टलचा!"

सर्व्हेच्या धंद्यात उत्तर देणाऱ्याला एखादं पेन, चॉकलेट द्यायची पद्धत असतेच. चंद्रशेखरने तिला फक्त नागपुरी वळण दिलं. प्रत्येक अधिकाऱ्याला एक डबा फराळ. डब्यात वर प्रश्नावली. माणूस चकली खाईल, खूश होईल, आता हा डबा रिकामा कसा द्यायचा या विचारात पडेल, आणि समोर काय दिसेल? प्रश्नावली! भरून टाकली, डब्यात घातली, पाठवली. गटबिट गेला उडत.

एकशे चाळीस डबे, म्हणजे पाचशे साठ चकल्या आणि दोनशे ऐंशी बेसनाचे लाडू, वर शंकरपाळे. हा गुणाकार मधुमतीने त्याच्या आधी केला होता. तिने एवढंच विचारलं, "अहो, पण गव्हर्नमेंट ऑफिसमध्ये हे अलाउड असतं का?"

"फराळाला कोण नाही म्हणतं?"

नंदाकाकूंनी चष्म्यावरून पाहिलं. त्या म्हणाल्या, की त्यांच्या वॉर्डात पेशंटने चॉकलेटचा डबा दिला तरी मेट्रन वहीत लिहायला लावायची. हे लोक जीव देतील, पण नोंद चुकवणार नाहीत. चंद्रशेखर म्हणाला, "काकू, ते सेव्हन्टीजमध्ये." काकूंनी सोऱ्या मागितला. हिलरीला त्याने फोनवर सांगितलं, की लोकांना छोटीशी भेट देतोय. हिलरीला पेन वाटलं. ती हो म्हणाली.

नऊ दिवस त्या घरात तळणाशिवाय दुसरा वास नव्हता. नंदाकाकू चकल्या पाडत, मधुमती तळत असे, ईशिता शाळेतून आली की डबे भरत असे. चंद्रशेखर देखरेख करत असे, म्हणजे तळलेल्यातली एक खाऊन 'जमलीये' म्हणत असे. मधुमतीने एक गोष्ट आपण होऊन केली. सर्व्हे निनावी असला तरी एकशे चाळीस जणांची यादी घरात होतीच. तिने प्रत्येक डब्यावर त्या त्या माणसाचं नाव स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलं आणि खाली इंग्रजीत, 'दिवाळीच्या शुभेच्छा, मधुमतीकडून'. निनावी सर्व्हेला हे शोभत नाही, असं चंद्रशेखर म्हणाला. चकली निनावी खायची नसते, असं ती म्हणाली.

एकोणीस ऑक्टोबरला, गुरुवारी सकाळी, भाड्याच्या व्हॅनमध्ये सात क्रेट घालून चंद्रशेखर कचेरीच्या फाटकावर पोचला. विभागप्रमुख कीथ बॅनिस्टरच्या ऑफिसला त्याने आधी कळवलं होतं, पण कळवलं होतं 'सर्व्हेचं साहित्य' म्हणून. फाटकावर एक्स-रेचं मशीन होतं. पहिला क्रेट आत गेला आणि पडद्यावर काळ्या रंगात वेटोळीच वेटोळी उमटली. प्रत्येक डब्यात चार वेटोळी, शेजारी दोन घट्ट गोळे. पहारेकऱ्याने मशीन थांबवलं, दुसऱ्या पहारेकऱ्याला बोलावलं. दोघांनी बराच वेळ पाहिलं आणि मग अगदी सौम्य आवाजात विचारलं, की सर, हे काय आहे?

"घरी बनवलंय," चंद्रशेखर अभिमानाने म्हणाला.

याहून वाईट उत्तर इंग्रजी भाषेत नसेल. मर्फी नावाचा कुत्रा आणला गेला. तपकिरी, गंभीर, नोकरीत मुरलेला. हे कुत्रे भुंकत नाहीत. संशय आला की वस्तूसमोर शांतपणे बसतात, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. मर्फीने सहा क्रेट हुंगले, सातव्यापाशी त्याचा धीर सुटला, आणि साजूक तुपातल्या लाडवांसमोर अशी बसकण मारली की हँडलरने ओढूनही हलेना.

घंटा वाजली. दोन मजले रिकामे झाले. ज्यांनी प्रश्नावली भरायची ते एकशे चाळीसच्या एकशे चाळीस जण पार्किंगमध्ये रिमझिमीत रांगा करून उभे राहिले. चाळीस मिनिटांनी तज्ज्ञ आले. त्यांनी एक डबा उघडला, एक लाडू फोडला, आणि चंद्रशेखरला एक चकली खाऊन दाखवायला सांगितली. त्याने दोन खाल्ल्या. सगळे आत गेले, डबे नावानिशी टपालखोलीकडे गेले. फुटलेला लाडू मर्फीला मिळाला. त्याचंही काम नीटच झालं होतं म्हणायला हरकत नाही.

"एक गोष्ट चांगली झाली," चंद्रशेखर घरी येऊन म्हणाला, "सगळ्यांना आपला सर्व्हे माहीत झाला."

दिवाळी त्याने खुशीत केली. लक्ष्मीपूजनाला त्याने देवीसमोर प्रश्नावलीची एक प्रतही ठेवली. आणि भाऊबीजेच्या दुपारी दारात एक करडी व्हॅन येऊन उभी राहिली. ईशिताला तेव्हा सुट्टीच होती. ती ओरडत आत आली, "बाबा, तुझे डबे परत आले. सगळी आली!"

"बघ मधू," चंद्रशेखर म्हणाला, "आणि रिकामा एक नाही. वजनावरून कळतंय."

तो म्हणाला ते खरं होतं. एकही डबा रिकामा नव्हता. निम्म्यांहून जास्त डब्यांत चार चकल्या, दोन लाडू आणि शंकरपाळे दिले तसेच होते. बाकीच्यांत फराळ नव्हता किंवा थोडाच उरला होता, पण प्रत्येक डब्यात, खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या, एक चार पानी गुलाबी कागद घडी घालून ठेवलेला होता. चंद्रशेखरची प्रश्नावली पांढरी होती, आणि ती एकाही डब्यात नव्हती.

गुलाबी कागदावर शीर्षक होतं : पुरवठादाराकडून मिळालेल्या भेटवस्तूची घोषणा. तीन कामाच्या दिवसांत भरणं सक्तीचं, न भरल्यास नोंद सेवापुस्तकात. मूळ प्रत खात्याला, निळी वरिष्ठांना, गुलाबी भेट देणाऱ्याला. रणगाडे विकणारे उद्या घड्याळं वाटू लागले तर काय, म्हणून केलेला हा नियम. तो चकलीलाही तितकाच लागू होता.

मधुमती न बोलता परत आलेल्या चकल्या मोजत होती. दिवाळीत कुणी फराळाचं ताट तोंडावर परत करतं का? तिचे डोळे भरून आले. ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरून नाकारली गेली होती, आणि तेही घाऊक. चंद्रशेखर डब्यांची झाकणं लावू लागला. तेवढ्यात फोन वाजला. हिलरी होती. तिने आधी विचारलं, की चॅझ, चकली म्हणजे नेमकं काय? मग सांगितलं, की कीथ बॅनिस्टरने शुक्रवारी दहा वाजता दोघांना बोलावलंय, पुरवठादाराने विभागावर प्रभाव टाकण्याचा प्रयत्न केला का, हा विषय आहे. तोवर चंद्रशेखरने घरीच थांबावं. नऊ प्रश्नावल्यांचं काय करायचं ते नंतर बघू.

फोन ठेवून चंद्रशेखर जिन्याच्या पायरीवर बसला. ईशिता समोर उभी होती. तिने ऑप्शन्सचा कागद शाळेत आधीच देऊन टाकला होता. त्याने तिला काही सांगितलं नाही, पण मुलींना सांगावं लागत नाही. ती त्याच्याशेजारी येऊन बसली. चार वर्षांत पहिल्यांदा चंद्रशेखर वऱ्हाडपांडेजवळ पुढचा बेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जेवणाच्या टेबलाशी राजीनाम्याचा मसुदा करत होता. मधुमती समोर गुलाबी कागद घेऊन बसली होती. कुणी काय म्हणून आपली चकली नाकारली, ते तिला जाणून घ्यायचंच होतं. शिक्षकच ती, तिने पेपर तपासायला घेतले. पहिल्या दहा मिनिटांत तिने दोनदा नाक ओढलं. मग ती हसली. मग पानामागून पान वाचत गेली.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या सर्व्हेत सहावा प्रश्न काय होता?"

"या पदावर किती वर्षं काम करता."

"इथे दुसऱ्या रकान्यात आहे. आणि कामाचं स्वरूप?"

"तो सातवा."

"तो तिसऱ्यात आहे. 'निर्णय कोण घेतं', ते पाचव्यात. आणि हे बघा, पान तीन : 'पुरवठादारांबाबत आजवर आलेले अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहा.' यांनी लिहिलंय हो. पान पान लिहिलंय."

चंद्रशेखरने कागद ओढला. खरंच लिहिलं होतं. सेवापुस्तकाचा प्रश्न होता, कुणी काही सुटू दिलं नव्हतं. तंबूंची खरेदी करणाऱ्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'एकोणीस वर्षांत पुरवठादाराकडून वेळेवर आलेली आणि सांगितल्याप्रमाणे असलेली ही पहिली वस्तू.' स्प्रिंगा विकत घेणाऱ्या एकाने चारही चकल्या मोजल्या होत्या. व्यास बासष्ट मिलिमीटर, फरक चार, हाताने बनवलेल्या मालाच्या मानाने उल्लेखनीय. तिसरी चकली चाचणीत तुटल्यामुळे परत करता येत नाही. 'भेटीचा आपल्यावर प्रभाव पडला का?' यापुढे एकाने लिहिलं होतं, 'लाडू खाईपर्यंत नाही.' एका रडारवाल्याने सांगितलं होतं, की त्याचं एक काम अकरा वर्षं लांबलं आहे, आणि त्याचं कारण त्याला आजवर कुणी विचारलं नाही म्हणून ते तो इथे सांगतो. आणि ते त्याने सव्वा पानभर सांगितलं होतं. म्हणजे चौदाव्या प्रश्नाचं उत्तर!

मधुमतीने एक कागद मात्र बाजूला ठेवला होता. त्यावर एवढंच होतं, 'या इमारतीत मला सव्वीस वर्षं झाली. माझं नाव कुणीतरी हाताने लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं. डबा नियमाप्रमाणे परत करत आहे. नाव लिहिलेली पट्टी मात्र ठेवून घेतली आहे, तशी घोषणा करतो.' खाली सही होती. ती तिने चंद्रशेखरला दाखवली नाही.

बुधवार आणि गुरुवार तिघांनी टेबलावर काढले. मधुमती वाचून सांगायची, ईशिता कॉम्प्युटरवर भरायची, आणि चंद्रशेखर तक्ते करायचा. त्याचा आवाज हळूहळू पूर्वपदावर येत होता. गुरुवारी चार वाजता ईशिता म्हणाली, "बाबा, काउंट चुकली. वन फॉर्टी वन येतात." पुन्हा मोजले. एकशे एक्केचाळिसावा फॉर्म मर्फीचा होता. त्याच्या हँडलरने भरून एका डब्यात सरकवला होता. स्वीकारलेली वस्तू, लाडू एक, फुटलेला. सेवा सहा वर्षं. प्रभाव पडला का? हो.

शुक्रवारी दहा वाजता हिलरी पांढऱ्या चेहऱ्याने बसली होती. कीथ बॅनिस्टर हा उंच, वाळका, कमी बोलणारा माणूस. त्याच्यासमोर फॉर्मांच्या मूळ प्रतींचा ढीग होता. त्याने विचारलं, की हा प्रकार काय होता? चंद्रशेखरने डब्याची पद्धत सांगितली, डबा रिकामा परत करायचा नसतो हे सांगितलं, चुकलं हे कबूल केलं, आणि मग राहवलं नाही म्हणून सहा पानी तक्ता पुढे सरकवला. गुलाबी प्रत भेट देणाऱ्याची असते, तिचं आम्ही हे केलं, तुमची हरकत असेल तर आत्ता फाडतो.

बॅनिस्टर वाचत राहिला. तीन नंबरच्या पानावर तो थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं.

"मी सव्वीस वर्षं इथे आहे," तो म्हणाला. "या विभागातून कुठलाच कागद शंभर टक्के परत आलेला नाही. पगारवाढीच्या फॉर्मालासुद्धा एक्क्याण्णव टक्के आले होते."

"एकशे एक टक्के," चंद्रशेखर म्हणाला. हिलरीने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

निकाल मात्र त्याच्या बाजूने लागला. कुणावर प्रभाव पडल्याचं सिद्ध झालं नाही, कारण मर्फीला खरेदीचे अधिकार नव्हते. वर लोकांनी इतकं मोकळेपणाने कधी लिहिलं नव्हतं, हे सगळ्या कमिट्यांना मान्य करावं लागलं. नोव्हेंबरच्या मध्यावर तीन वर्षांचा करार आला, खात्याच्या मानाने हे विजेच्या वेगाने झालं म्हणायचं. हिलरीने परमिटचे कागद सही करून पाठवले. ईशिताने ऑप्शन्समध्ये केमिस्ट्री घेतली होती, हे तेव्हा कळलं. चंद्रशेखर दोन दिवस घरात शीळ वाजवत फिरला आणि आपल्या दूरदृष्टीबद्दल त्याने नागपूरला तीन फोन केले.

तिसऱ्या दिवशी त्याने करार पूर्ण वाचला. प्रश्नावली रद्द झाली होती. तिच्या जागी दर दिवाळीला डबे जाणार होते आणि गुलाबी फॉर्म येणार होते, फक्त आता पूर्वपरवानगीने. चकलीचं वर्णन तेवीस पानांचं होतं, व्यास बासष्ट मिलिमीटर, फरक चार. 'मुख्य व्यक्ती' या रकान्यात नाव होतं सौ. मधुमती वऱ्हाडपांडे, कारण एकशे एक्केचाळीस फॉर्मांवर भेट देणाऱ्याचं नाव तेच होतं. मुख्य व्यक्तीने काम सोडल्यास करार संपुष्टात येईल. चंद्रशेखरचं नाव परिशिष्टात होतं, 'साहाय्यक' म्हणून. सोबत हिलरीने एक पुडकं पाठवलं होतं आणि चिठ्ठी. मधुमती आता कंपनीची पुरवठादार, चंद्रशेखर त्याच करारावरचा नोकर, तेव्हा तिच्याकडून कराराच्या वर्णनात बसणारी कुठलीही वस्तू स्वीकारली तर घोषणा करावी लागेल. सॉरी, चॅझ.

रविवारी चार वाजता चहाबरोबर मधुमतीने त्याच्या ताटलीत एक चकली ठेवली. परत आलेल्यांतलीच होती, जरा मऊ पडली होती. चंद्रशेखरने पुडकं उघडलं आणि फॉर्म भरायला घेतला. वस्तू, चकली एक. स्वीकारली की परत केली? स्वीकारली. प्रभाव पडला का? त्याने मधुमतीकडे पाहिलं आणि 'नाही'वर खूण केली, मग खोडून 'हो'वर केली. शेवटचा रकाना होता, 'देणाऱ्याशी आपलं नातं'. तिथे त्याने आधी नवरा असं लिहिलं. मग थोडा विचार केला, ते खोडलं, आणि तिच्या पासपोर्टातला तो इंग्रजी शब्द नीट स्पेलिंग आठवून लिहिला.

मधुमतीने तो एकदाच वाचला, आणि ताटलीत दुसरी चकली ठेवली. चंद्रशेखरने मुकाट्याने दुसरा फॉर्म काढला.